वाऱ्याचं वेळापत्रक : महाड ते मढीमहाल

पाचाडला जिजाऊसाहेबांचा वाडा गडाखाली का, असं तिथं कोणालाही विचारा, कारण एकच सांगतात. रायगडावरची गार हवा आणि वारा त्यांना उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याला वाडा बांधून दिला. आज तिथं तटाच्या भिंती, जोती आणि तक्क्याची विहीर उरली आहे. राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच, जून १६७४ मध्ये, जिजाऊंनी याच वाड्यात देह ठेवला. माणसं या वाड्याकडे मातृभक्तीची खूण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. डिसेंबरातल्या सकाळी त्या जोत्यावर उभं राहिलं, की मला त्यात हवेची पक्की जाणही दिसते. गडमाथा इथून उंचीनं चार-पाचशे मीटर वर. तेवढ्यात हवा पालटते. वर कानात शिट्टी घालणारा वारा असताना खाली पाचाडात गोठ्यातल्या धुराची रेघही हलत नाही. हे ज्याला कळलं त्यानं वाडा खाली बांधला.

हिवाळी भटकंतीला महाडकडे येणारी मंडळी आधी विचारतात, ‘थंडी किती असेल?’ कोकणातल्या थंडीनं कोणाचं फारसं बिघडत नाही. वारा किती, कुठल्या उंचीवर आणि कुठल्या प्रहरी, हे विचारायला हवं. महाड-पोलादपूरच्या डोंगरात हिवाळ्यातला दिवस बराचसा घड्याळावर चालतो. ते घड्याळ ज्याला वाचता येतं, त्याला अंदाजाच्या आकड्यांची निम्मी गरज उरत नाही.

आधी भूगोल. महाड एके काळी सावित्रीच्या खाडीवरचं बंदर होतं, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीलाच. तिथून पूर्व-आग्नेयेला सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर मढीमहाल, अर्थात ऑर्थर सीट, सुमारे १,४७० मीटर उंचीवर. सावित्री उगम पावते ती तिथंच, महाबळेश्वरला. कड्यावरून उडी घेऊन ती पोलादपूरला येते, महाडला गांधारीला सोबत घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. म्हणजे एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला उभी भिंत आणि मधे पश्चिमेला तोंड उघडं असलेलं खोरं. वाऱ्याला याहून सोयीचा रस्ता कोणी आखून दिला नसता.

हे खोरं पाहायला पहाटे गांधारपाल्याच्या लेण्यांत चढून बसावं. महामार्गाला लागूनच आहेत, पायऱ्या फार नाहीत, आणि बौद्ध भिक्षूंनी जागा निवडली आहे ती नामी. उजाडताना खालचं गाव, शेतं, नदी काहीच दिसत नाही. दिसतं ते पांढरं सपाट धुकं आणि त्यातून वर आलेली टेकड्यांची डोकी. कुठल्या तरी चुलीचा धूर थोडा वर चढतो आणि अदृश्य छताला लागल्यासारखा आडवा पसरतो. त्या आडव्या धुराकडे नीट पाहावं, कारण सबंध दिवसाची किल्ली त्यात आहे.

एरवी उंच जावं तशी हवा गार होत जाते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मात्र जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा गार नि जड होते, आणि रात्रभर उतारांवरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. धूर त्या उबदार थराला अडतो म्हणून आडवा होतो, आणि नदीकाठची दमट हवा थिजून धुकं होते. घाटमाथ्यावर याचं प्रसिद्ध उदाहरण वेण्णा तलावाचं. थंडीच्या लाटेत तिथं दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, आणि त्याच पहाटे महाबळेश्वर गावातल्या वेधशाळेचा पारा कित्येक अंश वर असतो. तलाव खोलगट जागी आहे, गाव उंचावर आहे, एवढाच फरक. वाचक समजतात महाबळेश्वर गोठलं. गोठलेली असते ती खळगी.

गिर्यारोहकाला याचा उपयोग असा : तंबू नदीकाठी किंवा खोलगट शेतात ठोकला तर पहाटे सगळं दहिवरानं चिंब होतं. पन्नास-शंभर मीटर वर, उताराच्या पदरावर ठोकला तर रात्र कोरडी जाते आणि बोचरी थंडीही वाजत नाही. इथल्या जुन्या वाड्या बऱ्याचशा अशाच पदरावर वसलेल्या दिसतात. ज्यांना धुक्यातच राहायचं आहे त्यांनी सावित्रीकाठी सवला जावं. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत आणि गारठ्यात त्यांची वाफ पाहण्यासारखी असते.

आता वेळापत्रक. शाळेच्या भूगोलात खारे आणि मतलई वारे, पर्वतीय आणि दरीय वारे असे चार शब्द आपण पाठ केले होते. परीक्षेनंतर ते विसरलो. इथं ते चौघं रोज पाळीनं कामावर येतात. रात्री नऊ-दहानंतर डोंगरावरची गार हवा ओढ्याओढ्यांनी खाली उतरू लागते, आणि जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई तिला येऊन मिळतो. हा प्रवाह पहाटेपर्यंत चालतो. सूर्य उगवला की तो ढिला पडतो आणि तास-दोन तास पान हलत नाही. चढाईचा सगळ्यात मोलाचा वेळ हाच. नऊ-दहाला धुकं फाटतं. उतारावरचं गवत नि खडक तापले की हवा उलटी, दरीतून कड्याकडे वर चढू लागते. दुपारी समुद्रावरचा खारा वारा बाणकोटकडून खोऱ्यात शिरतो आणि त्याच्या जोडीला येतो. तीन-चारला या दोघांचा जोर सर्वांत जास्त. सूर्यास्ताला पुन्हा शांतता, आणि मग डोंगर परत आपला वारा सोडू लागतो.

हे झालं खालच्या थराचं. सात-आठशे मीटरच्या वर गेलं की दुसराच कारभार सुरू होतो. हिवाळ्यात महाराष्ट्रावर वरच्या थरात वारा साधारणपणे पूर्वेचा किंवा ईशान्येचा असतो. दिवसा तापलेली जमीन खालची हवा घुसळत राहते, त्यामुळे वरच्या वाऱ्याची गती खालच्या घर्षणात खर्च होते. रात्री खालचा थर जड होऊन निपचित पडला, की वरच्या वाऱ्याचा त्याच्याशी संबंधच तुटतो. त्याला अडवणारं काही राहत नाही आणि तो दिवसापेक्षा वेगानं वाहू लागतो. म्हणून गावात शेकोटीची ज्योत सरळ उभी असते आणि त्याच रात्री गडावर तंबूची कापडं फडफडून झोप उडते. ‘दिवसभर वारा नव्हता हो, रात्रीच कुठून आला?’ हा प्रश्न प्रत्येक गडावर नवखा माणूस विचारतोच. आला कुठून नाही. तो होताच, फक्त मोकळा सुटला.

रायगडावर हा फरक पायऱ्यांवरच कळतो. चित दरवाज्यापासून महादरवाज्यापर्यंतची वाट सकाळी बहुतेक सावलीत आणि आडोशाला आहे. माणूस घामाघूम होतो आणि स्वेटर कंबरेला बांधतो. महादरवाजा ओलांडून हत्ती तलावाकडे आलं की उघड्यावर येतो, आणि ओल्या पाठीला वारा लागतो. सर्दी होते ती इथं. दहा अंश तापमानात ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला साडेसहा अंशांची थंडी वाजते, आणि ओल्या सुती सदऱ्यात त्याहून जास्त. उपाय साधा आहे. चढताना थोडं कुडकुडतच निघावं, सुती बनियन घालू नये, आणि महादरवाज्याच्या आत, वारा लागण्याआधी, कपडे बदलून वाऱ्याला अडवणारं पातळ जाकीट चढवावं. जाड लोकरीतून वारा आरपार जातो. लोक तेच ओझं आवडीनं वाहून नेतात.

वाऱ्याचा रायगडी मासला टकमक टोकावर. महाराज टोकावर उभे असताना छत्री धरणारा सेवक वावटळीनं उचलला गेला आणि छत्रीसकट तरंगत खाली निजामपुरात सुखरूप उतरला, म्हणून त्या गावाला छत्री निजामपूर म्हणतात, अशी आख्यायिका. ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ मध्ये वाऱ्याची शून्य ते बारा अशी मोजपट्टी केली. पुढे जमिनीवरच्या खुणा तिला जोडल्या गेल्या. त्यात चौथ्या पायरीला, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटरला, धूळ आणि कागद उडतात. पाचवीला पानांनी भरलेली लहान झाडं डोलतात. सहावीला, ३९ ते ४९ किलोमीटरला, छत्री धरणं कठीण होतं. आठवीला, ६२च्या पुढे, चालणंच अवघड. माणूस उचलायला काय लागेल हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला वाटतं, गोष्टीतला वारा निदान हिवाळ्यातला नसावा, पावसाळी असावा. तरी कड्याच्या ओठावर वारा वरच्या दिशेनं वाहतो, एवढं त्या गोष्टीला ठाऊक आहे. दरीतून आलेली हवा भिंतीला धडकते आणि तिला वर जाण्यावाचून गत नसते. ऑर्थर सीटला बाटलीचं झाकण खाली टाकून ते परत वर येताना पाहण्याचा खेळ याच जोरावर चालतो. झाकणं कायमची दरीत राहतात ते वेगळं.

छत्रीची मोजपट्टी खिशात ठेवण्यासारखी आहे, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वीसचा चाळीस झाला तर धक्का दुप्पट न होता चौपट होतो. गवत झोपायला लागलं, की टोकांवर उभं राहून छायाचित्रं काढणं थांबवावं. भवानी टोक पूर्वेकडचं असल्यानं तिथं पहाटे वारा सरळ अंगावर येतो. टकमकला तोच वारा पाठीमागून लोटतो, आणि कड्यावर पाठीमागून येणारा झोत समोरून येणाऱ्यापेक्षा वाईट. १९९६ पासून रायगडावर रज्जुमार्ग आहे, पण वारा फारच वाढला की पाळणा थांबवावा लागतो. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना पाळण्यानं वर नेणाऱ्यांनी उतरायची वेळ सकाळी शांत हवेतली धरावी.

भवानी टोकावरून समोर लिंगाणा दिसतो. सरळ उभा सुळका, पायथ्याशी पाने गाव. घाटमाथ्यावरून येणारी मंडळी मोहरीकडून रायलिंगच्या पठारावर येतात आणि बोराट्याच्या नाळेनं खिंडीत उतरतात. शेजारीच सिंगापूरची नाळ आहे. नाळ म्हणजे कड्याच्या कुशीतली दगडगोट्यांनी भरलेली उभी चीर. पठारावरची पूर्वेची हवा कोकणात उतरायला फटच शोधत असते आणि तिला नाळ सापडते. रुंद प्रवाह अरुंद जागेत कोंबला की वेग वाढतो. पठारावर सुसह्य वाटणारा वारा नाळेच्या तोंडाशी माणसाला भिंतीला टेकून उभं राहायला लावतो. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला गोटा खाली येतानाचा आवाज त्या घोंगावण्यात बुडतो. शिरस्त्राण तिथं घालायचं, सुळक्याच्या तळाशी पोहोचल्यावर नाही.

लिंगाण्यावर दुसरा घोळ असतो. वारा पूर्वेचा असला की पश्चिमेची बाजू आडोशाची, असं डोकं सांगतं. ओढ्यात मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी जसं उलटं फिरतं, तशी हवा कड्यामागे भोवरे घेते. क्षणभर सगळं गप्प, मग एकदम खालून धक्का, मग बाजूनं. सलग वाऱ्यात तोल सांभाळता येतो, झटक्यांत नाही. दोरानं उतरणाऱ्यांनी अशा हवेत मोकळा दोर खाली भिरकावू नये. तो आडवा उडून कुठल्या तरी बेचक्यात अडकतो आणि सोडवायला माणूस लटकवावा लागतो. दोर पिशवीत भरून कंबरेला लावावा आणि उतरता उतरता सुटू द्यावा. हाका ऐकू जात नाहीत, म्हणून शिट्टीच्या किंवा दोराच्या झटक्यांच्या खुणा खालीच ठरवून घ्याव्यात. आग्या मोहोळं याच कड्यांच्या ओव्हरहँगखाली लटकलेली असतात. धूर आणि अत्तराचा वास वाऱ्यानं कुठवर जातो याचा आपल्याला अंदाज नसतो, त्यांना असतो. कड्याखाली शेकोटी नको, आरडाओरडा नको.

महाडहून पोलादपूरला आलं की खोरं अरुंद होतं आणि डोंगर अंगावर येतात. उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव, याच तालुक्यात. मंगळगड ऊर्फ कांगोरी जवळच. १८१७ मध्ये हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पेशव्यांच्या माणसांनी पकडलं तेव्हा त्यांना कांगोरीवरच ठेवलं होतं. साडेसातशे मीटरच्या त्या चिंचोळ्या माथ्यावर दोन्ही बाजूंनी वारा लागतो. त्या दोघांना हिवाळ्याच्या रात्री कशा गेल्या असतील, हे तिथं एकदा मुक्काम केल्यावर आपोआप मनात येतं.

मला या मुलुखातली सगळ्यात शिकवणारी वाट वाटते ती ढवळ्याची. पोलादपूरहून आत ढवळे गाव, वर चंद्रगड, आणि तिथून ढवळे घाटानं बहिरीची घुमटी, गाढवमाळ करत मढीमहाल. जावळीच्या मोऱ्यांचा हा मुलूख १६५६ मध्ये महाराजांनी घेतला. एका दिवसात माणूस कोकणतळापासून महाबळेश्वरच्या काठापर्यंत चढतो, म्हणजे हिवाळ्याचे सगळे थर एकामागून एक अंगावर घेतो.

ढवळ्यात सूर्य उशिरा येतो. पंचांगातला सूर्योदय डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपासचा, पण पूर्वेला हजार मीटरहून उंच भिंत उभी. ऊन गावात पोचायला आणखी तासभर तरी जातो. तोवर गारठा आणि दव. कंदील पेटवून पहाटे चारला निघायचा शहरी उत्साह इथं उपयोगाचा नाही. दाट रान, ओली पानं, धुक्यात वाट फुटलेली कळत नाही. गावातले एक मामा वाट दाखवायला येतात. त्यांना निघायची वेळ विचारली तर ते घड्याळ पाहत नाहीत, भिंतीकडे पाहतात. ‘वरचा दगड पिवळा झाला का निघायचं. आता निघून काय करणार, भिजणार नुसतं.’ वरच्या कड्याला ऊन लागलं की उजेड खाली परावर्तित होतो, दव सुटायला लागतं, आणि चंद्रगडाच्या सोंडेवर वारा अजून सुरू झालेला नसतो. सकाळच्या त्या शांत तासांत गड पाहून उतरायचं. उघड्या धारेवरचा टप्पा दुपारी अंगावर घ्यायचा नाही.

पुढचा चढ रानातून आहे आणि तिथं शत्रू गरमी. कोकणात हिवाळी दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो. झाडीत वारा पोचत नाही. सकाळी कुडकुडणारी मंडळी अकराला पाणी पाणी करू लागतात. जानेवारीनंतर वाटेवरच्या पाण्याचा भरवसा धरू नये. गावात विचारून, माणशी तीन-चार लिटर घेऊनच निघावं. पायमोज्यांत कुसळं शिरतात ती वेगळीच. त्यांच्यासाठी गुळगुळीत कापडाची पट्टी पोटरीला बांधली तर निम्मा त्रास जातो.

घुमटी ओलांडून वर आलं की दोन वाऱ्यांची हद्द लागते. पाठीमागून, सावित्रीच्या दरीतून, दुपारचा उबदार वारा वर ढकलत असतो. समोरून पठारावरचा कोरडा पूर्वेचा वारा कड्यावरून खाली पाहत असतो. काही दिवस एक जिंकतो, काही दिवस दुसरा, आणि हद्द शंभरेक मीटर वरखाली सरकत राहते. दूर पश्चिमेला धुरकट दिसत असेल तर खालच्या दमट हवेचं राज्य. रायगड, लिंगाणा, राजगड-तोरणा हात लावावा इतके जवळ दिसत असतील तर वरच्या कोरड्या हवेचं, आणि मग संध्याकाळी माथ्यावर कडाका नक्की. अशा स्वच्छ संध्याकाळी छायाचित्रकार खूश असतात. मी मफलर शोधतो.

आता अंदाजांबद्दल. हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पाहावा, पण रायगड जिल्हा म्हणजे अलिबागचा किनाराही आणि पोलादपूरचा घाटही, हे ध्यानात धरून. मोबाइलवरच्या वाऱ्याच्या रंगीत नकाशांचं दुखणं निराळं. त्यांच्यामागची जागतिक प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडतात, साधारण नऊ ते तेरा किलोमीटरचे. हवामान खात्यानं मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. ढवळे गाव आणि मढीमहाल एकाच चौकोनात सहज बसतील. प्रारूपाला तिथं कडा दिसतच नाही, दिसतो एक लांबट उतार. त्यातून आलेला ‘वाऱ्याचा वेग’ ना गावाचा, ना माथ्याचा.

तरी एक युक्ती आहे. या नकाशांत उंची बदलता येते. ९२५ हेक्टोपास्कलचा थर समुद्रसपाटीपासून साधारण पाऊण किलोमीटरवर असतो, म्हणजे रायगड, मंगळगड, चंद्रगड यांच्या माथ्याच्या आसपास. ८५० हेक्टोपास्कलचा थर दीड किलोमीटरवर, म्हणजे मढीमहालाच्या पातळीला. गडावर मुक्काम असेल तर जमिनीलगतचा वारा सोडून हे दोन थर रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत पाहावेत. तिथं ताशी तीसचा आकडा दिसला तर खिंडीत आणि ओठावर पन्नासची तयारी ठेवावी. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन हिमाचल-काश्मीरात बर्फ पडल्याची बातमी आली, की पुढच्या दोन-तीन दिवसांत इकडे उत्तरेचा गार वारा येण्याची शक्यता वाढते. ही खूण वर्तमानपत्रातूनही मिळते, मोबाइलला रेंज नसली तरी.

अधूनमधून हिवाळा शब्द मोडतो. ‘ओखी’ चक्रीवादळामुळे डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात कोकणात पाऊस पडला. वाळलेल्या गवतावर अशी सर आली की त्याच्याइतकी निसरडी जागा पावसाळ्यातही नसते, कारण पावसाळ्यातलं गवत निदान मुळांनी जमीन धरून असतं. अरबी समुद्रात काही शिजतंय असं कळलं तर लिंगाणा-चंद्रगड पुढे ढकलावेत. गांधारपालं, पाचाड, उमरठ पाहायला हरकत नाही.

फेब्रुवारी लागला की घड्याळ बिघडायला लागतं. पूर्वेचा वारा पठारावरून कोकणात उतरतो तेव्हा दाबला जाऊन तापतो, किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी. तो जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत खोऱ्यात शिरू देत नाही, आणि मग कोकणतळ भाजून निघतो. याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंशांची नोंद झाली होती. नागपूर-चंद्रपूर मागे पडल्याच्या त्या बातमीनं तेव्हा सगळे चकित झाले. हाच कोरडा वारा आणि गुडघाभर वाळलेलं गवत मिळून वणव्याचा हंगाम सुरू होतो. वणवा चढावर माणसापेक्षा वेगानं धावतो, कारण दुपारचा दरीय वारा त्याला वरच ढकलत असतो. धूर दिसला तर वर पळायचं नाही. आडवं, वाऱ्याच्या वाटेतून बाजूला सरकत, जळून गेलेली काळी जमीन, ओढ्याचं दगडी पात्र किंवा कातळाचा सडा गाठायचा. पोलादपूरच्या वाड्यांतली माणसं या दिवसांत गवतातून जाळपट्टे काढतात, आणि पाहुण्यानं विडी पेटवली तर सरळ हातातून काढून घेतात. मामांनी आमच्यातल्या एकाची घेतली. काही बोलले नाहीत, विझवून आपल्याच कानावर खोचली.

तेव्हा दिवस धरायचे ते नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर. मढीमहालाला दुपारी तीनपर्यंत पोचलं तर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरणारी गाडी मिळण्याची शक्यता असते. वाडा कुंभरोशीपाशी चहा होतो. कापड्याच्या आसपास आलं की खिडकीतून येणारी हवा पुन्हा कोमट लागते, कान मोकळे होतात, आणि गाडीतली मंडळी जाकिटं काढून मांडीवर घेतात.